मामा, सावलीला या की

कालच्या फुटबॉल सामन्याचं सकाळपासून विचारेल त्याला सांगतोय, पण डोक्यात फिरतंय ते दुसरंच. शेजारचं पोरगं, तोंडाला पेठेच्या संघाचा रंग फासलेलं, मध्यंतराला वळून म्हणालं, "मामा, उन्हात कशाला? सावलीला या की." बोललं प्रेमानंच. तरी लागलं.

आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या त्या उन्हातल्या पायरीवर बसायची एक रीत आहे. दगडाचा चटका बसतो म्हणून खाली पेपर घालायचा. गोल झाला की उठायचं, तेवढ्यात पेपर उडून पुढच्याच्या डोक्यावर. दादानं शिकवलं हे. असो.

मामा! पायरीच्या सांध्यातनं गवत वर आलंय, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, तिला कोण म्हणतंय का मामा? तिचं कौतुक, आणि मला सावली.

इथला फुटबॉल चालवणारी केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० ची. फुटबॉलच्या आधी पेठांचा जीव कुस्तीत. १९१२ चं खासबाग कुस्ती मैदान इथनं हाकेच्या अंतरावर. तालमींनीच पुढं फुटबॉलचे संघ उभे केले, म्हणून तर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांच्या नावात अजून तालीम आहे. कुस्तीच्या हौद्यातली खुन्नस तशीच गॅलरीत आली, शिव्यांसकट. आता नायजेरियाचे खेळाडू येतात, त्यांनाही चार दिवसांत पेठ चिकटते. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडनं उतरला, तर निम्मं गाव स्वतःच खेळल्यासारखं छाती काढून फिरत होतं. मी पण. तेव्हा कुणी सावलीला या म्हणालं नव्हतं.

एवढा काय म्हातारा दिसतो मी? केस पिकलेत, कबूल. गुडघ्याचं तर जाऊ दे.

शेवटी उठलोच. तिकडं बघतो तर आमच्या वयाचं अख्खं बिऱ्हाड पसरलेलं! एकानं न विचारता भडंगाचा पुडा पुढं केला. दुसरा हुज्जत घालत होता की आताच्या पोरांना डाव्या पायानं मारताच येत नाही, आणि हे तो डाव्या पायानं गोल होत असताना म्हणत होता. ऑफसाइड मात्र तिथनं झकास दिसतो. लाइन्समनपेक्षा आम्हाला आधी कळतो, आणि आम्ही तो त्याला कळवतोही.

पोरगं लांबनं ओरडलं, "मामा, बरं वाटतंय न्हवं?"

"खेळ बघ गपचिप," म्हणालो.

पुढची मॅच पाटाकडील–प्रॅक्टिस क्लब. चारच्या सामन्याला सावलीतली जागा दोनलाच भरते म्हणे. दीडलाच निघावं लागणार.