केसपेपर सासूचा, ईसीजी सुनेचा

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. बीपी-शुगरच्या ओपीडीला येणाऱ्या कितीतरी बाया स्वतःसाठी आलेल्याच नसतात. कुणी सासऱ्याला धरून आणलेलं, कुणी सासूच्या गोळ्या न्यायला. हीसुद्धा तशीच. सासू बाकड्यावर, ही खाली फरशीवर भिंतीला टेकून. आषाढाचा गार वारा सुटलेला आणि हिचा ब्लाउज पाठीवर घामानं चिंब.

"काय होतंय गं?"

"मला काय नाय, आत्याबाईंचं बघा. पित्त खवळलंय उलीसं."

पहाटेपासून दोन उलट्या झालेल्या. डावा जबडा ठणकत होता, तो दाढेचा समजून तिनं लवंग धरलेली. येता येता गावातल्या डॉक्टरानं पित्ताचं इंजेक्शन टोचलेलं. छातीत दुखतं का म्हटलं तर, "दुखत नाय, दाटल्यावानी होतंय." सासू मध्येच बोलली, "ऊस तोडून कारखान्यावरनं आल्यापासून असंच करती. कामाला नको हिला."

घाम, उलट्या, जबडा, छातीत दाटणं, म्हणजे हार्ट अटॅकची शंका. अशा पेशंटचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला पाहिजे. पण हिच्या नावाचा केसपेपरच नव्हता आणि खिडकीवर रांग. सासूच्याच पेपरच्या मागे नाव लिहिलं आणि तिला आत घेतलं.

ईसीजीबद्दल मला बोलायचंच आहे. बाईमाणसाचा ईसीजी आपल्याकडे लाजेत बिघडतो. पुरुष टेक्निशियन असला की ब्लाउज तसाच ठेवून छातीवरच्या लीडचे बल्ब वर, गळ्याच्या बाजूला चिकटवून मोकळा होतो. मग आर वेव्ह, म्हणजे रेघेचं उंच टोक, बारकी येते, नसलेला जुना अटॅक कागदावर दिसतो नाहीतर असलेला नवा निसटतो. चौथी लीड पाचव्या बरगडीखालच्या फटीत, स्तन वर उचलून त्याच्या खाली बसवायची असते. त्यात बांगड्या. क्लिप बांगडीवर बसली की रेघ थरथरते, म्हणून त्या कोपराकडे सरकवायच्या. पडद्याची दांडी कधीचीच तुटलेली, मागणीपत्र दिलेलं आहे, कुठं अडकलंय देव जाणे. सफाईवाल्या मावशींनी चादर धरली, तेव्हा हुक निघाले.

टू, थ्री आणि एव्हीएफ या लीडमध्ये रेघेचा एसटी हा भाग उचललेला, एव्हीएलमध्ये तेवढाच खाली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. बीपी 90/60, नाडी 52. अशा वेळी जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे नसा सैल करणारी गोळी, ठेवायची आपल्याकडे दांडगी हौस. उजव्या बाजूची लीड लावून पाहिली, तिथंही एसटी वर. म्हणजे उजवा कप्पाही सापडलेला. सॉर्बिट्रेट दिली असती तर उरलंसुरलं बीपीही गेलं असतं. ॲस्पिरिन चावायला दिली, सलाईन सोडलं.

आमचा एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर, नवा, सरकारी सेवेच्या बाँडवरचा. वाचन चांगलं आहे पोराचं, ईसीजी मोबाइलवरून फिजिशियनला पाठवून त्यानं होकारही आणला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं, टेनेक्टेप्लेस. वजन साठच्या आत, म्हणजे 30 मिलिग्रॅम. आणि इथं गाडी अडली. त्याला सहीला नवरा पाहिजे होता. नवऱ्याचा फोन बंद. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हे त्याला ठाऊक आहे. तरी दारात नातेवाइकांची गर्दी जमल्यावर कायदा आठवत नाही कुणाला. तीही म्हणे, "यांना इचारा."

बोलली ती सासू. "त्यो काय येतोय? द्या तुम्ही काय द्यायचं ते, मी हाय ना!" मग हिनं अंगठा दिला. खाली सासूचाही उमटला, न मागता.

इंजेक्शनआधी रक्तस्रावाचे प्रश्न विचारावे लागतात. पाळी चालू आहे का? "पाळीच नाय. पिशवी काढलीया, धाकटा तीन वर्साचा व्हता तवा." म्हणजे तिशीच्या आतच. 2019 मध्ये ऊसतोड बायांच्या या ऑपरेशनांवर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव सगळीकडे झालं. लोक पाळीत कामाचा खाडा झाला की बसणाऱ्या दंडाबद्दल बोलत होते. पण पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर पाळी गेल्यानंतर पन्नाशीत वाढणारा हृदयाचा धोका तिशीतच मागे लागतो. हिची अंडाशयं ठेवली की काढली, सांगणारा कागद घरात नव्हता. फॉर्मवर 'धूम्रपान: नाही'. हिरड्या मात्र मिशरीनं काळ्या पडलेल्या. धूर नसला म्हणून तंबाखू नसांना सोडते थोडीच! मी तिथं पेनानं 'मिशरी' लिहिलं.

तासाभरात एसटी निम्म्याहून खाली आला, जबड्याचं दुखणं थांबलं. 108 मधून अंबाजोगाईला पाठवली. पुढं सरकारी योजनेतून अँजिओग्राफी झाली, स्टेंट पडला.

परवा नवरा तिच्या गोळ्या न्यायला आला. ती आली नव्हती. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या वर्षभर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, असं मी त्याला बजावत होते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, टोळीच्या मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीची आगाऊ उचल घेऊन झाली आहे, घराच्या पत्र्यात गेलीसुद्धा. दसऱ्यानंतर टोळी निघेल. डॉक्टरनं कागद लिहून दिला तर मुकादम एकट्याच्या कोयत्यावर मानेल का?

कागद एमओ देतील, म्हटलं मी. मुकादमाचं मला काय ठाऊक? सासू म्हणते मी जाते तिच्या जागी, असंही तो सांगत होता. सासूचं बीपी त्या दिवशी 170 होतं.