दमट किनारपट्टीवर टोमॅटो: माझा अनुभव

दमट हवेत टोमॅटो लावायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, फवारणी कुठली करता? माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, ते कोणी थांबवू शकत नाही. पान किती तास ओलं राहतं, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं, आणि माझी सगळी मेहनत तिथेच जाते.

हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंशांच्या आसपास येतो. पान जेमतेम तीन अंशांनी थंड झालं की त्यावर पाणी धरतं. आर्द्रता 50 टक्के असती तर पान 17 अंशांपर्यंत उतरल्याशिवाय दव पडलं नसतं. त्यात उघड्या आकाशाखालचं पान रात्री हवेपेक्षाही थंड होतं. म्हणजे पाऊस नसला तरी किनाऱ्यावर पीक रात्रभर भिजत असतं, आणि लवकर येणारा करपा, पानांच्या खालच्या बाजूची मखमली बुरशी, थंडीच्या दिवसांतली राखाडी बुरशी यांना तेवढं पुरतं.

म्हणून पहिला खर्च छपराचा. 200 मायक्रॉनचा अतिनील किरणांना टिकणारा पॉलिथिन कागद, चांगला उतार, चारही बाजू उघड्या. पाऊस तर अडतोच, शिवाय पानांची उष्णता आकाशाकडे कमी जाते, त्यामुळे दवही कमी पडतं. उतार मुद्दाम जास्त ठेवायचा, नाहीतर कागदाच्या आतून साचलेले थेंब झाडांवर टपकतात. बाजू बंद करायचा मोह टाळावा. बारीक छिद्रांच्या जाळीने पांढरी माशी अडते, पण वाराही तितकाच अडतो. माशीचा उपद्रव फार नसेल तर मी वाऱ्याच्या बाजूने विचार करतो. समुद्र अगदी जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा जळतात. तिथे थोडं अंतर सोडून कुंपणाची झुडपं लावावीत. भिंत नको, तिच्यामागे हवा घुटमळते.

आता जमीन. दमट उष्ण प्रदेशात टोमॅटोचा खरा घात जिवाणूजन्य मर रोग करतो. झाड हिरवंगार असताना दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि काही दिवसांत कायमचं कोमेजतं. खात्री करायची असेल तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात नुसता टेकवून धरावा. थोड्या मिनिटांत कापातून दुधासारखे धागे खाली उतरले, तर हाच रोग. यावर औषध नाही. आजारी झाड मातीसकट काढायचं आणि त्या जागी मिरची, वांगी, बटाटा यांतलं काहीही लावायचं नाही, कारण हा जिवाणू या सगळ्या कुळावर जगतो.

माझा भरवसा वांग्याच्या खुंटावरच्या कलमावर आहे, म्हणजे मुळं वांग्याची आणि त्यावर जोडलेला शेंडा टोमॅटोचा. मर सहन करणाऱ्या वांग्याच्या जाती यासाठी निवडलेल्या आहेत. ईजी 203 ही त्यातली सर्वांत परिचित. वांग्याची मुळं साचलेलं पाणीही टोमॅटोपेक्षा जास्त सोसतात. वांगं हळू वाढतं, म्हणून त्याचं बी आधी पेरायचं. दोन्ही खोडं साधारण 2 मिमी जाडीची झाली की नव्या ब्लेडने सारख्याच कोनात तिरपा काप घ्यायचा आणि रबरी नळीच्या तुकड्यात दोन्ही काप घट्ट टेकवायचे. जाडी जुळली नाही तर कलम धरत नाही, तिथे घाई चालत नाही. मग पाच ते सात दिवस सावलीत, बंद आणि दमट जागेत. पहिले तीन दिवस जवळजवळ अंधार, नंतर रोज थोडी जास्त हवा. गंमत म्हणजे इथे तीच दमट हवा कामाला येते.

लागवडीत एकच गोष्ट विसरायची नाही: कलमाचा सांधा मातीच्या बराच वर राहिला पाहिजे. साधा टोमॅटो खोल लावला तर चांगलाच, पण कलमी रोपाला मातीची भर दिली की टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात, ती जमिनीत जातात आणि मर परत येते. खुंटाला फुटणारे वांग्याचे कोंबही वेळच्या वेळी खुडावेत.

गादीवाफा 25 ते 30 सेंमी उंच, वर रुपेरी-काळा मल्चिंग (माती झाकायचा) कागद, खाली ठिबक. माती आम्लधर्मी असेल तर लागवडीच्या निदान महिनाभर आधी चुना देऊन सामू (पीएच) 6 ते 6.8 पर्यंत आणायचा. झाडं 60 सेंमीवर, ओळी 120 सेंमीवर. एकच खोड सुतळीवर चढवतो, बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून येणारे कोंब) बोटाएवढ्या असतानाच सकाळी, ऊन पडल्यावर मोडतो, म्हणजे जखम दुपारपर्यंत सुकते. पहिला घोस भरला की त्याखालची पानं टप्प्याटप्प्याने काढायची. पाणीही सकाळीच.

इतकं करूनही फळ धरत नाही, अशी तक्रार असते. दमट हवेत परागकण चिकट होऊन सुटत नाहीत. मी फुलं सुकल्यावर, सकाळी उशिरा, दर दोन दिवसांनी सुतळीला टिचकी मारतो. रात्रीचं तापमान 24 अंशांच्या वर राहिलं तर मात्र टिचकीचा उपयोग नाही. हंगामच बदलावा लागतो.

फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग दिसला की, कॅल्शियम कमी पडलं म्हणून, दुकानातून त्याची बाटली येते. पण कॅल्शियम मुळांकडून पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं, आणि हवा दमट असली की पानांतून बाष्प कमी उडतं, प्रवाहच मंदावतो. पानावर मारलेलं कॅल्शियम फळात उतरत नाही. पाणी सारखं द्यावं, अमोनियाची खतं आवरावीत, हवा खेळती ठेवावी.

आता फवारणी. करपा दिसण्याआधी अर्धा टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक: 10 लिटरसाठी 50 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 50 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नाही. मग लोखंडी सुरी मिनिटभर बुडवावी. तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, चुना वाढवा, नाहीतर पानं भाजतील. त्याच दिवशी संपवायचं, आणि फवारा अशा वेळी की संध्याकाळच्या आत पान सुकेल.

फळ मी झाडावर लाल होऊ देत नाही. टोकाला गुलाबी छटा आली की तोडतो आणि घरात, फ्रीजबाहेर, एका थरात पिकवतो. चवीत फरक पडत नाही, आणि तडकणारी, सडणारी फळं निम्म्याहून कमी होतात. हंगाम संपला की सुतळ्या जाळतो, बांबू धुऊन एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात भिजवतो, आणि ते उन्हात कडकडीत वाळल्यावरच आत ठेवतो.