शहाद्याहून बाग : काळ्या दगडाखालचा समुद्र

खानदेशात दगड म्हणजे काळाच. लळिंगचा किल्ला काळा, विहिरींची बांधणी काळी, शेतातून वेचून बांधावर टाकलेले धोंडेही काळे. हा सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला लाव्हा. त्याच्याआधी इथे काय होतं, हे पाहायचं तर सातपुडा ओलांडून नर्मदेपलीकडे जावं लागतं. शहाद्याहून एक मुक्काम धरून हे जमतं. आधी तोरणमाळ आणि मग मध्य प्रदेशातलं बाग हे गाव, असाच क्रम ठेवा. वरचे थर डोळ्यांत बसले की खालचे ओळखू येतात.

तोरणमाळच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कडेकडे बघत चला. तळाशी घट्ट, निबर बेसाल्ट, वर सच्छिद्र दगड आणि त्या छिद्रांत पांढरे स्फटिक. तिथे एक लाव्हा संपला. त्यावर कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत त्याच्या माथ्याची झीज होऊन माती तयार झाली, आणि नवीन लाव्ह्याने ती भाजून झाकली. हे पट्टे पाहताना मी फार वेळ रेंगाळलो, कारण इतक्या धुमश्चक्रीतल्या शांततेचा तेवढाच पुरावा आहे. वळणावर गाडी थांबवू नका, पुढे रुंद जागा मिळते. सीताखाईच्या काठावरून तर समोरच्या कड्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखे थर एकदम नजरेत येतात. पावसाळ्यात दरड आणि धुकं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघा. खेतिया, पानसेमल, बडवानी, मग नर्मदेचा पूल आणि कुक्षी. बागजवळ दगडाचा रंग बदलतो आणि खानदेशी डोळ्याला ते लगेच जाणवतं. सगळ्यात खाली निमाड वालुकाश्म. पाचव्या-सहाव्या शतकातली बाग लेणी याच दगडात कोरलेली आहेत. दगड मऊ म्हणून कोरायला सोपा, पण पाणी झिरपून तितकाच नासतो. इथली भित्तिचित्रं १९८२मध्ये उतरवून ग्वाल्हेरच्या गुजरी महालात हलवावी लागली, त्यामुळे चित्रांच्या आशेने जाऊ नका. भिंतींचा दगड मात्र जवळून पाहा.

वालुकाश्माच्या वर गाठाळ चुनखडी, तिच्यावर ब्रायोझोआ या चिमुकल्या समुद्री जीवांच्या सांगाड्यांनी भरलेली तांबूस-पिवळी चुनखडी. हा सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा, पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेल्या उथळ समुद्राचा तळ. कालवांचे शिंपले, अमोनाइट या नामशेष समुद्री जीवांचे गुंडाळलेले शंख, शार्कचे दात इथे सापडले आहेत. समुद्र हटल्यावर त्या जमिनीवर डायनासोरांनी अंडी घातली. ती वरच्या लामेटा थरात मिळतात. आणि त्याच्याही वर आपला ओळखीचा काळा बेसाल्ट. हा थर चुनखडीवर टेकलेला पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की आपण खानदेशात एका झाकणावर राहतो.

चुनखडी ओळखायला व्हिनेगरची छोटी बाटली ठेवा. वाटेवरच्या सुट्या खड्यावर थेंब टाकला की फेस येतो. बेसाल्टवर येत नाही. लेण्यांवर किंवा जीवाश्मांवर हा प्रयोग चुकूनही करू नका. दहापट भिंगही हवं, ब्रायोझोआची जाळी त्याशिवाय दिसत नाही. जीवाश्म उचलायचे नाहीत, विकत तर मुळीच घ्यायचे नाहीत. थरातून सुटलेल्या तुकड्याचं वय आणि जागा दोन्ही हरवतात. बागकडच्या पाडल्या गावाच्या भागात डायनासोरांची गोल अंडी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून पुजत आले आहेत, तेव्हा शेतात शिरण्याआधी विचारा, आणि देव मांडलेला असेल तर हात लावू नका.

शहाद्यातच टाकी भरा, कळण्याची भाकरी-ठेचा बांधून घ्या, रेंज जाण्याआधी नकाशा उतरवून ठेवा. होळीआधीच्या भगोऱ्यात, म्हणजे आदिवासींच्या जत्रांच्या दिवसांत, बाजारगावांतून गाडी पुढे सरकत नाही. दगडच पाहायचे असतील तर तो आठवडा टाळा. परतताना दुपारी तीनच्या आत बाग सोडलं, तर खेतियाचा रस्ता बराचसा उजेडात पार होतो.