कॅरेक्टर सर्टिफिकेटने घाम काढला! बाल संरक्षणात नोकरी मिळवतानाचा माझा अनुभव

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) झालं, इंटरव्ह्यू झाला, मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत केस वर्कर म्हणून निवडही झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीबद्दल, अजून आठवलं की डोकं फिरतं.

पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचे २०२० चे नियम आहेत, त्यात मुलांशी संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरं, संस्था, सगळ्यांनी स्टाफची पोलीस पडताळणी करायची असं आहे, मास्तर असो की शिपाई, आणि तीही एकदाच नाही, अधूनमधून परत. बदलापूरचं २०२४ चं प्रकरण, शाळेतल्याच सफाई कामगारावर दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोप झाला ते, तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं, त्यामुळे हे कशाला लागतं ते मला कोणी समजवायची गरज नव्हती.

पण एचआर मॅडम म्हणाल्या आधी सर्टिफिकेट आण, मग लेटर देते. आणि ऑनलाइन अर्जात मागतायत संस्थेचं लेटर! परत फोन केला तर "अगं, पॉलिसीच तशी आहे ना". म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होईना आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना. बरीच बोंबाबोंब केल्यावर लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या, 'पडताळणीच्या अधीन राहून निवड'. तुम्ही हे वाक्य निवड कळल्या कळल्या मागून घ्या, भिडस्तपणा करू नका.

मग पत्ता. आधार कळव्याचं, राहते ऐरोलीला भाड्याने. जिल्हा ठाणेच, पण कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात आणि ऐरोली नवी मुंबईच्या. भाडेकरार जोडला तर त्यात एजंटने सेक्टर ८ च्या जागी ३ छापलेला, झालं, अर्ज त्रुटीत. टेबलावरचे साहेब बोटाने तो आकडा दाखवत म्हणाले, "मॅडम, तुम्ही नक्की राहता कुठे?" मी लाईट बिल दाखवलं, तर ते घरमालकाच्या नावावर. करार नव्याने रजिस्टर करून घेतला, खर्च एजंटच्या बोकांडी मारला, ते समाधान वेगळंच. त्यानंतर अर्ज नुसता 'प्रलंबित'. ट्रेनमध्ये, जेवताना, झोपायच्या आधी तेच बघायचं. एकदाचे हवालदार घरी आले, शेजारच्या काकूंची सही घेतली, ते गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "पासपोर्ट काढतेस का गं?"

सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा पेढे वाटावेसे वाटले, खोटं कशाला बोलू. पण राग याचा आहे की एवढं करून तपासलं काय, तर पत्ता आणि नावावर केस आहे का. जो कधी पकडलाच गेला नाही तो यातून आरामात पास होईल. मी संस्थेच्या फॉर्ममध्ये फील्डवर्कच्या सुपरवायझरचा नंबर दिलेला, ही मुलांशी कशी वागते, एकटी असताना काय करते, हे त्यांना विचारायला हवं होतं ना? कोणी फोनच केला नाही. मी जॉइन झाल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये हे बोलले, आता नवीन माणूस घेताना दोन जुन्या ठिकाणी फोन होतो आणि तो मीच करते.

हां, इंटरव्ह्यूचं राहिलंच. पॉक्सोचं कलम १९ नीट वाचून जा, मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, 'आधी ट्रस्टींना विचारते' हे उत्तर चालत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं तर त्याला बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) २४ तासांत न्यायचं असतं, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत, हेही विचारतात. सरकारी बाजूला जायचं असेल तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशक, संरक्षण अधिकारी, क्षेत्रीय कार्यकर्ता अशी पदं निघतात, पण कंत्राटी असतात, घरी आधीच सांगून ठेवा. आणि भाडेकरारावर सही करताना सेक्टर नंबर वाचा.