तेराव्याला बारा वाजणारा फॉर्म

"साहेब, पोर्टल विसर्जनाची रजा घेत नाही."

फोन स्टोअरच्या काकांचा. सप्टेंबर २०१३, गणपती चार दिवसांवर आलेले. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत त्या वर्षी रजेचा कागदी अर्ज बंद करून पोर्टलवर फॉर्म आणला होता. आणला म्हणजे मीच आणला होता. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक ट्रेनी. त्यामुळे फोन आल्यावर आधी कपाळाला आठी आणि मग तेच नेहमीचं वाक्य: "थांबा, मी इथून टाकून बघतो." फॉर्म उघडला, १८/०९/२०१३ टाइप केलं, सेव्ह केलं. झालं.

"काका, चालतंय की!"

"तुमच्याकडं चालत असंल. इथं या आणि बघा."

हे वाक्य त्यानंतर मी बरेचदा ऐकलं. त्या दिवशी मात्र थोडं तणतणतच मशीन शॉपमध्ये गेलो. टाइम ऑफिसशेजारी आम्ही एक जुना पीसी ठेवला होता, सगळ्यांसाठी एकच लॉगिन. फॉर्ममध्ये टोकन नंबर टाकायचा, तारीख टाकायची, संपलं. काकांनी माझ्यासमोर एका बोटाने १८/०९/२०१३ टाइप केलं आणि चौकटीखाली लाल अक्षरं आली: तारीख चुकीची आहे. अठरा सप्टेंबर चुकीचा कसा असेल? अनंत चतुर्दशी होती ती!

मी ब्राउझर बंद केला, उघडला, कॅश साफ केली, पीसी रीस्टार्ट केला. आमच्या धंद्यातले हे सगळे तोडगेच, लिंबू-मिरची टांगण्यासारखे. काही फरक नाही. मागे चार-पाच जण डबा संपवून उभे होते. त्यातला सीएनसी मशीनवरचा एक पोरगा म्हणाला, "सर, बारापर्यंत घेतं. तेरापासून नाही घेत."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मी अर्धा तास घालवून जे शोधू शकलो नाही, ते त्याने रांगेत उभं राहून शोधलं होतं. बारा म्हणजे महिने. फॉर्म अमेरिकन पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस वाचत होता. अठरावा महिना त्याला सापडत नव्हता.

आमचं पोर्टल शेअरपॉइंट फाउंडेशन २०१० वर होतं, म्हणजे कंपनीपुरती वेबसाइट बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर. ते फुकट मिळायचं, म्हणून मॅनेजमेंटला आवडलं होतं. साइट तयार करताना भाषा इंग्रजी निवडली की प्रदेशही आपोआप इंग्रजी (युनायटेड स्टेट्स) होतो, आणि तारखा महिना/दिवस/वर्ष. हे साइट सेटिंग्जमधल्या रीजनल सेटिंग्जमध्ये बदलता येतं. मला ते माहीत नव्हतं असंही नाही. पहिल्याच आठवड्यात मला माझ्या स्क्रीनवरच्या उलट्या तारखा खटकल्या होत्या. वर उजवीकडे आपल्या नावावर क्लिक करून 'माय सेटिंग्ज'मध्ये मी भारत निवडला आणि विषय संपवला. मात्र ते सेटिंग एकट्या माझ्या नावापुरतं होतं. साइट होती तशीच अमेरिकेत. म्हणून माझ्याकडे सगळं सुरळीत, आणि शॉपमध्ये फॉर्मचे तेराव्याला बारा वाजत होते.

तेरापासून पुढच्या तारखा निदान ओरडत तरी होत्या. खरा घोळ बाराच्या आतला. ऋषिपंचमीची रजा म्हणून कोणी १०/०९ टाकलं की पोर्टल ते निमूट घ्यायचं आणि ९ ऑक्टोबर म्हणून साठवायचं. बरं, यादीत परत दाखवताना पुन्हा अमेरिकन पद्धतीनेच दाखवायचं, त्यामुळे माणसाला १०/९ दिसायचं आणि वाटायचं, बरोबर आहे. सुपरवायझरलाही तेच वाटायचं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. उघडं पडलं ते एचआरच्या मॅडमकडे. त्यांनी यादी एक्सेलमध्ये घेतली, त्यांच्या पीसीवर तारखा भारतीय, आणि तिथे ९ ऑक्टोबरला रजांची ही गर्दी. मॅडमनी कोणाला काही विचारलं नाही, कारण त्यांना ते रास्त वाटलं: त्या दिवसांत नवरात्र होतं, आणि नवरात्रात आमच्याकडची निम्मी पोरं वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातात. त्यांनी शॉपला कळवून टाकलं होतं की यंदा गणपतीत रजा कमी आहेत, शिफ्ट पूर्ण लावा.

चतुर्थीची रजा मात्र एकाचीही चुकली नव्हती. त्या वर्षी चतुर्थी ९ सप्टेंबरला होती. ९/९ कोणत्याही देशात ९/९ च. बाप्पाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

दुरुस्ती पाच मिनिटांची, असं वाटलं होतं. वरच्या साइटचं सेटिंग बदललं आणि खाली उतरलो तर प्रत्येक डिपार्टमेंटची उपसाइट आपापल्या अमेरिकेत बसलेली. वरचं बदललं म्हणून आधी बनलेल्या उपसाइटी बदलत नाहीत. शेवटी पॉवरशेलमध्ये (विंडोजला लेखी हुकूम द्यायची सोय) एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येक साइटवर जाऊन प्रदेशाचा आकडा १६३९३ करणारी. हा भारतीय इंग्रजीचा आकडा. मराठीचाही आहे, ११०२. तोही मोह झाला होता, पण त्या आठवड्यात आणखी काही प्रयोग करायची माझी हिंमत नव्हती. आधीच साठलेले चाळीसेक अर्ज मात्र स्क्रिप्टने दुरुस्त होणारे नव्हते. ९ ऑक्टोबर खरा की खोटा हे स्क्रिप्टला कसं कळणार? मी आणि मॅडम दोन संध्याकाळी बसलो, एकेकाला विचारून तारखा लावल्या. एका गड्याने खरंच नऊ ऑक्टोबरची रजा मागितली होती. वणीसाठीच.

त्या दोन संध्याकाळींत मॅडमनी त्यांचं एक जुनं गाऱ्हाणं काढलं. पोर्टलवरची सूचनांची पाटी कोणी बघत नाही, कारण सूचना इंग्रजीत असतात. त्यांनी मराठीत टाकून बघितल्या होत्या, पण "तुमचं पोर्टल मराठीचा चिवडा करतं". पोर्टल निर्दोष होतं. मॅडम श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायच्या. त्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवलेले असतात, फक्त त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले. त्यांच्या पीसीवर आणि प्रिंटरवर मुखवटा असायचा, पोर्टलवर तो गळून पडायचा. सर्चमध्ये 'बोनस' टाकलं तरी काही सापडायचं नाही, कारण ज्याला आपण बोनस म्हणतोय तो तिथे नव्हताच.

उपाय युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी खुणेला तिचा स्वतःचा आकडा. पण मॅडमची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली, मराठी चाळीसची परीक्षा पास. त्यांना इनस्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड शिका म्हणणं म्हणजे डाव्या हाताने जेवा म्हणण्यासारखं. युनिकोडमध्येच टाइपरायटरचा कीबोर्ड देणारं सॉफ्टवेअर त्यांच्या पीसीवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिली खरीखुरी मराठी सूचना पोर्टलवर आली. माझ्या विंडोज ७ वर सुंदर दिसली. मी चहा मागवला.

चहा यायच्या आत काकांचा फोन. "साहेब, वेलांट्या पळाल्यात."

शॉपमधला पीसी जुन्या विंडोज एक्सपीचा. एक्सपीत मराठी नीट जुळवून दाखवायची सोय असते, पण ती बंद ठेवलेली असते. त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली होती आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी झाली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज, तिथे गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइल्स बसवायची एक चौकट असते, तिच्यावर खूण करायची. त्याच चौकटीत उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या आणि थाईही येतात. आपण थायलंडबरोबर एका पंगतीत. खूण केली की ती एक्सपीची सीडी मागते. ती सीडी शोधण्यात गेलेला दिवस मी इथे सांगत नाही.

अक्षरं जुळली, पण वाचता येईनात. शेअरपॉइंट २०१० चा मूळ मजकूर व्हर्डाना ८ पॉइंटात. इंग्रजीला तो कसाबसा चालतो. मराठीला वर मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेघ. ८ पॉइंटात 'र्‍हस्व' आणि मुंगी यांत फरक राहत नाही. आणि वाचणारी माणसं चाळिशीच्या पुढची, चष्मा लॉकरमध्ये.

इथून माझी कस्टमायझेशनची हौस सुरू झाली. शेअरपॉइंट डिझायनर उघडलं आणि मूळ मास्टर पेजमध्येच, म्हणजे सगळ्या पानांच्या साच्यातच, हात घातला. कॉपी न घेता. सेव्ह केल्यावर सगळ्या कंपनीच्या स्क्रीनवर एकच पान: अनपेक्षित त्रुटी, आणि खाली छत्तीस अक्षरांचा कोरिलेशन आयडी. दिसायला तो भयंकर दिसतो, पण हा खरं तर केस पेपरचा नंबर. सर्व्हरवर १४ नावाच्या फोल्डरमध्ये लॉग असतात (जाणकार त्या फोल्डरला 'फोर्टीन हाइव्ह', म्हणजे चौदाचं पोळं म्हणतात, आणि हात घातल्यावर नाव पटतं), तिथे तो नंबर शोधला की नेमकी कोणत्या ओळीला ठेच लागली ते कळतं. मी एक बंद करणारा टॅग खाल्ला होता. डिझायनरमध्ये त्या फाइलवर राइट क्लिक करून तिला मूळ रूपात परत नेता येतं. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत जनरल मॅनेजर साहेबांनी दोनदा फोन केला. एरवी ते पोर्टल महिन्यातून एकदा उघडायचे.

मग शहाण्यासारखं केलं. मास्टर पेज जिथल्या तिथे ठेवलं आणि वेगळी सीएसएस फाइल (पानाच्या रंगरूपाचे नियम) लावली. फाउंडेशनमध्ये त्यासाठी स्क्रीनवर बटण नाही, पण पॉवरशेलमधून साइटला ती फाइल एका ओळीत सांगता येते. मजकूर मोठा, दोन ओळींत अंतर जास्त म्हणजे मात्रा कापल्या जाणार नाहीत, शॉपच्या पानावरची डावी पट्टी गायब. त्या पानावर मी तीनच गोष्टी ठेवल्या: सूचना, रजा, कॅन्टीनचा मेनू. सीईओंचा संदेश काढला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाकीचे उद्योग पटकन सांगतो. टाइम ऑफिसच्या भिंतीवर पोर्टलचा पत्ता छापून लावला होता, टिंबं असलेला पूर्ण पत्ता. तो टाइप केला की तीनदा पासवर्ड विचारून कोरं पान. मी कायम नुसतं 'पोर्टल' टाइप करायचो, मला कधीच विचारलं नाही. इंटरनेट एक्सप्लोररला नावात टिंब दिसलं की तो ते बाहेरचं जग समजतो आणि विंडोजचं लॉगिन आपणहून पुढे करत नाही. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींना एकदम लागू होणारी सेटिंग्ज) तो पत्ता इंट्रानेटच्या, म्हणजे घरातल्या, यादीत टाकला, पासवर्ड थांबला.

फाइलींची नावं मराठीत ठेवायची टूम निघाली. 'सुट्ट्या' हा शब्द लिहायला लहान, पण मोजला तर आठ खुणा, आणि लिंकमध्ये प्रत्येक खुणेची % चिन्हासकट नऊ अक्षरं होतात. एकूण ७२. मेलमध्ये लिंक दोन ओळींत तुटायची आणि उघडायची नाही. तेव्हापासून लायब्ररी (पोर्टलवरचं फाइलींचं कपाट) आधी छोट्या इंग्रजी नावाने करायची आणि मग वरचं नाव मराठीत बदलायचं. पत्ता जुनाच राहतो, दिसायला मराठी.

आणि एक दिवस गेट पासची यादी ५००० च्या पुढे गेली आणि उघडेना. वॉचमनदादा रागावले. पण ही मर्यादा उगीच नाही. शेअरपॉइंट एका डेटाबेसमधल्या सगळ्या याद्या आत एकाच मोठ्या टेबलात कोंबतो, वापरात असलेल्या नोंदींना कुलपं लागतात, आणि एका मागणीत साधारण ५००० कुलपं लागली की डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर वेगवेगळी कुलपं सोडून सगळ्या टेबलालाच एक कुलूप लावतो. म्हणजे गेटवर यादी उघडली की एचआरची रजा अडकणार. तारखेच्या रकान्याला इंडेक्स आणि फक्त गेल्या तीस दिवसांचा व्ह्यू, एवढ्यावर भागलं. फक्त इंडेक्स यादी फुगायच्या आधी करायचा असतो. नंतर तो करायलाही तीच मर्यादा आडवी येते, आणि मग रात्री उशिरा मर्यादा सैल करून बसावं लागतं. मी बसलो होतो.

तो सर्व्हर आता बंद आहे. शेअरपॉइंट २०१० चा सपोर्ट एप्रिल २०२१ मध्ये संपला, आणि आम्ही क्लाउडवर गेलो. शॉपमधल्या पीसीच्या जागी आता टचस्क्रीन आहे. काका निवृत्त झालेत, मॅडमही. नव्या पोर्टलवर पहिली साइट उघडली तेव्हा मी रंग, लोगो काहीच बघितलं नाही, थेट रीजनल सेटिंग्जमध्ये गेलो. प्रदेश: इंग्रजी (युनायटेड स्टेट्स). वेळ: पॅसिफिक.

ट्रेनी म्हणाला, "पण सर, माझ्याकडे तर तारीख बरोबर दिसतेय."

"चल," म्हटलं, "शॉपमध्ये जाऊन बघू."