व्हॅन्कोमायसिन गोळ्यांच्या यादीत कसं आलं?

एम. फार्म.चा माझा प्रोजेक्ट ऐकायला सोपा होता. तोंडावाटे, इंजेक्शनने आणि पॅचने दिली जाणारी औषधं घ्यायची, सॉफ्टवेअरने त्यांच्या रेणूंचे गुणधर्म काढायचे आणि तिन्ही गट शेजारी ठेवून बघायचे. ना केमिकल, ना उंदीर. लॅपटॉप आणि स्विसएडीएमई हे रेणूंचे गुणधर्म काढणारं सॉफ्टवेअर, बास. ठाणे-नेरूळ लोकलमध्ये खिडकी मिळाली की तुर्भ्यापर्यंत चार-पाच रेणू उरकायचे.

पहिला आठवडा सॉल्टने, म्हणजे औषधाला जोडलेल्या क्षाराने खाल्ला. डायक्लोफेनॅकच्या रेणूची रचना सांगणारा कोड सोडियमसकट पेस्ट केला होता. वजन आणि लॉगपी (रेणू चरबीत किती विरघळतो याचा आकडा), दोन्ही बिघडले. मग एकेका औषधाचं सॉल्ट काढत बसले. लॉगपीसुद्धा पाच पद्धतींनी पाच वेगळे येतात, म्हणून सरासरीच धरली.

पॅचवाले शहाण्यासारखे वागले. निकोटिनचं वजन 162, फेंटॅनिलचं 336. लहान आणि चरबीत विरघळणारे. जेंटामायसिन या इंजेक्शनच्या अँटिबायोटिकने मात्र डोळे उघडले. वजन 500च्या आत, म्हणजे तोंडावाटेच्या औषधांसाठीच्या लिपिन्स्कीच्या नियमांतल्या वजनाच्या अटीत पास. पण टीपीएसए, म्हणजे रेणूच्या पोलर (पाण्याकडे ओढ असलेल्या) पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, 200च्या आसपास, आणि तोंडावाटेच्या औषधांसाठीच्याच 2002च्या व्हेबरच्या निकषात मर्यादा 140ची. इतका पोलर रेणू आतड्याच्या भिंतीतून जाणार कसा? म्हणून सुई.

आणि मग तोंडावाटेच्या गटात, आलेखाच्या पार वर, एकटंच एक टिंब. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक, वजन 1449. मी सरळ डिलीट करायला निघाले होते. मॅडम म्हणाल्या, "काढतेस कशाला? आधी बघ तरी ते तिथे का आहे."

उत्तर घरातच मिळालं. आत्या ठाण्यात नर्स होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, ते शोषलं जात नाही म्हणून तर तोंडाने देतात. आतड्यातल्या जंतूंसाठी. आम्ही इंजेक्शनची व्हायलच पाण्यात मिसळून पाजायचो."

म्हणजे चूक माझ्या रकान्याची. 'तोंडावाटे' या एका शब्दात मी रक्तात जाणारी आणि आतड्यातच काम करणारी औषधं एकत्र कोंबली होती. नवा रकाना केला, अख्खी यादी पुन्हा चाळली. निओमायसिन हे अँटिबायोटिकही तिकडेच गेलं.

सायक्लोस्पोरिन, म्हणजे अवयव बदलल्यावर देतात ते औषध, मात्र हलेना. वजन 1202, तरी तोंडाने घेतलं की रक्तात जातं. त्याची रिंग दुमडून आपले हायड्रोजन बंध आतच लपवते, हे सपाट आकृतीवरून काढलेल्या आकड्यांना कुठून कळणार? ते टिंब अजून तिथेच आहे. खाली तळटीप टाकलीय.