कपाळावरचे दोन लाल ठसे

गेल्या चतुर्थीला इंग्लंडमधल्या स्विंडनहून आलेला माझा मावसभाऊ डिचोलीला आमच्या घरी पाच दिवस राहिला. रोज सकाळी आरतीपूर्वी तो सोप्यावर एका कोपऱ्यात बसे, डोक्याला पट्ट्यासारखे एक यंत्र चढवी, खाऱ्या पाण्यात भिजलेल्या स्पंजच्या दोन चकत्या कपाळाला नीट टेकल्या आहेत ना हे बोटांनी चाचपून पाही आणि मोबाइलवरचे बटण दाबून अर्धा तास गप्प राही. यंत्र उतरवल्यावर कपाळावर दोन गोल लालसर ठसे उरत. आईला तो शॉकच घेत आहे असे वाटे. ‘‘मावशी, सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखे होते, बाकी काही नाही,’’ एवढेच तो सांगे.

नैराश्यावरच्या या उपचाराला, म्हणजे कवटीवरून मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देण्याला, टीडीसीएस म्हणतात. शॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचारात भूल देऊन शेकडो मिलिअँपिअरच्या प्रवाहाने मुद्दाम आकडी आणली जाते. येथे प्रवाह जेमतेम २ मिलिअँपिअरचा असतो आणि त्यातलाही बराचसा कातडीतूनच निघून जातो. जो मेंदूपर्यंत पोहोचतो, तो कपाळामागच्या पेशींना स्वतः चेतवत नाही, फक्त चेतण्यास किंचित अधिक तयार ठेवतो.

एवढ्याशा प्रवाहाने खरोखर काही होते का? २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये ब्रिटन व अमेरिकेतील १७४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. दहा आठवडे घरीच उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के रुग्ण नैराश्यातून जवळपास बाहेर आले, तर काही क्षणच प्रवाह देणारे नकली यंत्र लावलेल्यांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. त्याच वर्षी ब्राझीलमधील २१० रुग्णांच्या चाचणीत मात्र घरच्या खऱ्या यंत्राची नकली यंत्रावर सरशी दिसली नाही. शिवाय पहिल्या चाचणीत खरा प्रवाह मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी तो बरोबर ओळखला होता, आणि आपल्याला खरे औषध मिळत आहे या जाणिवेचाही गुण येतोच.

मला अधिक विचार करायला लावला तो नकली यंत्राने बऱ्या झालेल्या पाचातल्या एकाने. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचे आद्य अभ्यासक, धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने पॅरिसात, अंगातल्या ‘चुंबकशक्ती’ने रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या डॉक्टर मेस्मरची भुरळ ओसरलेली नसताना, असे प्रतिपादन केले की मोहनिद्रा, म्हणजे संमोहनाची अवस्था, प्रयोग करणाऱ्याकडून वाहत येत नाही, ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनातून उपजते. म्हणून टीडीसीएस म्हणजे निव्वळ मनाचा खेळ, असे मी म्हणणार नाही. पण वर्षभर अंथरुणातून दुपारी उठणारा माणूस रोज ठरल्या वेळी तोंड धुऊन सोप्यावर येऊन बसतो, याचा वाटा प्रवाहाच्या वाट्यापासून वेगळा कसा काढायचा? गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना दिवसाच्या लहानसहान कामांकडे परत वळवले आणि त्याचा गुण आला, हे २०१७ साली ‘लॅन्सेट’ने छापले आहे. तेथे तर यंत्र नव्हतेच. भावाच्या गोळ्याही त्याच्या डॉक्टरांनी चालूच ठेवल्या आहेत, त्यामुळे त्याच्यापुरता हा हिशेब बहुधा कधीच सुटणार नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी आल्या. त्यांच्या मुलासाठी ते यंत्र चार दिवस मिळेल का, असे त्यांनी विचारले, आणि भिडस्त भाऊ ‘न्या’ म्हणून मोकळाही झाला. हा मुलगा काही महिने कोणाशी बोलत नाही आणि मग एखाद्या आठवड्यात झोपेशिवाय हिंडतो, उधारीवर वस्तू आणतो, हे मला ठाऊक होते. अशा रुग्णाचे नैराश्य उपसताना मन दुसऱ्या टोकाला, म्हणजे उन्मादाकडे, जाऊ शकते, आणि तो धोका मोबाइलवरच्या बटणाला कळत नाही. मी यंत्र पेटीत ठेवले आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीला सोमवारी मीच त्यांच्याबरोबर येईन, असे काकींना सांगितले. त्या थोड्या रागावूनच गेल्या. सोमवारी सकाळी मात्र मुलाला घेऊन बसस्टॉपवर माझ्याआधी उभ्या होत्या.